ताहेराचा दिवा

हे मी सांगायचं नव्हतं. वृंदाताईनं, म्हणजे माझ्या मामेबहिणीनं, मला शपथ घातली होती.

"सर, ताहेराला दिलेला दिवा वेगळा आहे का?" वृंदानं विचारलं.

खानोलकर सर पिंजऱ्यात ताजा भुसा पसरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"का गं?"

"तिचे उंदीर बरे होताहेत. माझे नाही."

वृंदा आणि ताहेरा दोघी सरांच्या हाताखाली काम शिकत होत्या. प्रत्येकीकडे सहा उंदीर. प्रत्येकाच्या मागच्या एका पायाची नस दुखावलेली. त्या पायावर रोज तीन मिनिटं दिव्याचा उजेड द्यायचा आणि दुखणं कमी होतं का ते पाहायचं. हा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. उजेड देऊन झाला की पंजाखाली केसाएवढी नायलॉनची काडी टेकवायची. दुखत असेल तर उंदीर पाय झटकन उचलतो.

वृंदाचे उंदीर सगळ्यात बारीक काडीलाही पाय उचलत. ताहेराचे आता जाड काड्या सोसू लागले होते.

शनिवारी सर पुढच्या वर्षाचं काम दोघींपैकी एकीला देणार होते. वृंदानं शाळेपासून पहिला नंबर सोडला नव्हता. ताहेरा उंदराला उचलताना "चला राजे" म्हणायची, तेसुद्धा तिला टोचायचं. सर ताहेराची वही पाहून नुसतं "हं" म्हणाले, तरी त्या दिवशी वृंदाचा डबा तसाच घरी परत यायचा.

दोन्ही दिवे एकाच खोक्यातून आले होते, असं सरांनी सांगितलं. वृंदा कोरडं हसली.

"पटत नाही?"



"मी बदलले, सर. आठ दिवस झाले. तिचा दिवा मी घेतला. माझा तिच्या टेबलावर ठेवला."

"वहीत लिहिलंस?"

"नाही."

"लिही. आणि ताहेरालाही सांग." सरांनी पिंजऱ्याचं झाकण लावलं. "मग? फरक पडला?"

"तरी तिचेच बरे होताहेत."

"म्हणजे दिव्यानं तुझ्याशी दावाच मांडलाय म्हणायचा."

सर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले.

"उंदीर घे. रोज करतेस तसंच कर."

टीव्हीच्या रिमोटचा न दिसणारा उजेड मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळा दिसतो. या दिव्याचाही तसाच दिसतो. सरांनी आपला मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा केला आणि चित्रण सुरू केलं.

वृंदानं उंदीर टॉवेलात गुंडाळला. दुखरा पाय बाहेर काढला. त्यावर दिवा धरला.

इतक्यात ताहेरा उजेड देऊन झालेला आपला उंदीर घेऊन आली आणि पलीकडच्या टेबलाशी बसली. तिचा उंदीर तिच्या हातात डोळे मिटून पडला होता. मग तिनं काडी उचलली. कितव्या नंबरची, ते इथून नीट दिसत नव्हतं. वृंदानं मान थोडी पुढे केली. ताहेरानं वहीत काहीतरी लिहिलं. वृंदानं मान आणखी पुढे केली…

तीन मिनिटांचं घड्याळ वाजलं.

 सरांनी मोबाइल तिच्यासमोर धरला.

जांभळा ठिपका आधी पायावर होता. लख्ख. मग तो थोडा सरकला. पंजाच्या कडेला गेला. मग टॉवेलावर आला आणि तिथेच राहिला… शेवटपर्यंत.

वृंदाचे कान तापले. हातातला उंदीर पाय आखडून बसला होता. तो पाय कधीपासून असा थरथरत होता, हे तिला सांगता आलं नसतं.

पलीकडे ताहेरा हलक्या आवाजात म्हणाली, "चला राजे, झालं तुमचं."

वृंदाची नजर पुन्हा तिकडे गेली.

"सर, म्हणजे शनिवारी ते काम तिला…"

सरांनी तिच्यासमोरच्या टेबलावर बोट टेकवलं.

"वृंदा… तुझा उंदीर इकडे आहे."