मोहफुलांच्या काट्यावर

ही गोष्ट मी कोणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. ताईने ती सांगण्याआधी मला शपथ घ्यायला लावली होती. पण जे घडलं ते भरल्या बाजारात घडलं. पाहणाऱ्यांनी पाहिलं आणि हसून घरी गेले. ते कशासाठी घडलं, हे मात्र दोघीतिघींनाच ठाऊक आहे. म्हणून ताईचं नाव न घेता, गुरू-शिष्यांच्या गोष्टी सांगतात तशी ही सांगते.

एकदा एक वृद्ध शिक्षिका डोंगरातल्या एका छोट्या केंद्रात आदिवासी मुलींना आरोग्यसेवेचं शिक्षण देत असत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांचं निम्मं आयुष्य त्या डोंगरात गेलं होतं. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता, आणि त्यांनी कोणाचा अपमान केल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. ती त्याच डोंगरातली, पण लहानपणापासून खालच्या गावच्या आश्रमशाळेत वाढलेली. अभ्यासात ती सर्वांच्या पुढे असे. लसींच्या वेळा, औषधांची मात्रा, कुपोषणाच्या खुणा तिला तोंडपाठ होत्या. आपल्याच माणसांची सेवा करायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

शिक्षण संपत आलं तेव्हा बाईंनी तिला एका पाड्यावर पाठवलं. तिथे सुमरती नावाच्या तरुण बाईचं लेकरू दिवसेंदिवस वाळत चाललं होतं. पाय काड्यांसारखे, पोट पुढे आलेलं, रडायचीही ताकद नाही. तालुक्याच्या दवाखान्यात अशा मुलांसाठी वेगळी खोली होती. तिथे वेळेवर पोचलं तर लेकरू वाचणार होतं. पण आधी त्याचं वजन व्हायला हवं होतं आणि आईची तयारी हवी होती.

शिष्या उत्साहाने गेली. पाड्याच्या मधोमध जांभळीच्या फांदीला तिने वजनकाटा टांगला. गोल तबकडी, खाली लोखंडी हूक. सगळ्या आयाबाया जमल्या होत्या. तिने सुमरतीच्या मांडीवरून लेकरू उचललं, कापडी झोळीत घातलं आणि झोळी हुकाला अडकवली. लेकरू हवेत गरगर फिरलं आणि किंचाळलं. शिष्येने शिकल्याप्रमाणे तबकडीकडे पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या मदतनीस बाईला ऐकू जावं म्हणून वजन मोठ्याने पुकारलं.

सुमरतीने झडप घालून लेकरू ओढून घेतलं आणि ती पळत सुटली. क्षणभराने बाकीच्या बायाही उठल्या. दुसऱ्या दिवशी शिष्या गेली, तर पाड्यावर एकही लहान मूल दिसेना. आया पोरांना घेऊन पहाटेच जंगलात गेल्या होत्या.

शिष्या रागाने लाल होऊन केंद्रावर परतली.

"बाई, या लोकांना काही कळतच नाही! लेकरू हातचं जाईल, पण काट्याला लागू देणार नाहीत."

"या लोकांना?" बाईंनी विचारलं.

  मग त्याच म्हणाल्या, "उद्या बाजार आहे. तुझा पांढरा कोट घालून ये माझ्याबरोबर."

बाजारात त्या दिवशी मोहफुलांचे ढीग लागले होते. आंबूस, गोडसर वास सगळीकडे पसरला होता. एका जुन्या व्यापाऱ्याने तीन लाकडी बल्ल्या उभ्या करून त्यांना मोठा काटा टांगला होता. पोतंच्या पोतं मावेल अशी दोन पारडी होती. डोंगरातली माणसं टोपल्या घेऊन रांगेत उभी होती. त्यांत सुमरतीही होती. लेकरू तिच्या पाठीला बांधलेलं होतं आणि त्याची मान एका बाजूला कलली होती.

बाई सरळ काट्यापाशी गेल्या. "शेठ, हे पोतं जरा बाजूला घ्या." मग शिष्येकडे वळून म्हणाल्या, "बस पारड्यात."

शिष्येला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बाई?"

"बस म्हणते ना."

गुरूचा शब्द कधी मोडलेला नव्हता. ती पांढरा कोट सावरत पारड्यात बसली. पारडं हेलकावलं, तिचे पाय जमिनीवरून सुटले. तिने साखळी घट्ट धरली. व्यापारी आ वासून पाहत होता.

"तोला," बाई म्हणाल्या. "आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

व्यापाऱ्याने समोरच्या पारड्यात वजनं चढवली. मग त्यालाही रंग चढला. वजन पुकारून तो ओरडला, "बाई, या मालाले भाव काय लावू?"

कोणीतरी मागून म्हणालं, "पांढरं पोतं हाय, शेठ, जास्त भाव द्या लागते!"

"माल ओला दिसते," व्यापारी शिष्येच्या डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला. "ओल्या मालाले घट धरा लागते!"

सगळा बाजार हसला. शिष्येच्या कानशिलांत आग उठली. ज्या बाईंनी तिला पोटच्या मुलीसारखं वागवलं, त्याच समोर हात बांधून उभ्या होत्या आणि हसणाऱ्यांना थांबवत नव्हत्या. तिला वाटलं, या क्षणी जमीन दुभंगावी. पण जमीन तर तिच्या पायांखाली नव्हतीच.

त्या गर्दीत एकच बाई हसली नाही. सुमरती पुढे आली. तिने एका हाताने पारडं धरून ठेवलं आणि दुसरा हात शिष्येला दिला. शिष्या खाली उतरली आणि तोंड झाकून बाजाराबाहेर धावली.

ओढ्याच्या काठी बाईंनी तिला गाठलं. शिष्या हुंदके देत म्हणाली, "माझं काय चुकलं म्हणून मला एवढं लाजवलंत? मी काय विकायला आले होते?"

बाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांचाही श्वास लागला होता.

"हाच प्रश्न परवा सुमरतीच्या मनात होता," त्या म्हणाल्या. "मुली, या डोंगरात काट्याला काय काय लागतं, आठव. मोहफुलं, चारोळी, डिंक, कोंबडी. जे काट्याला लागलं ते दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि त्याची किंमत नेहमी दुसऱ्यानेच सांगितली, तीही वजनात घट धरून. त्या काट्याला तू तिचं पोर टांगलंस, तिला न विचारता. वर सगळ्या पाड्याला ऐकवलंस की ते किती कमी भरलं. तुझ्यासाठी ती मोजणी होती. तिच्यासाठी तो बाजार होता."

शिष्येचं रडणं थांबलं. तिला आपल्या आजीचे हात आठवले. काट्यापुढे टोपली ठेवल्यावरही ते तिची कड सोडत नसत.

"हे तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं तरी..." ती पुटपुटली.

"वर्गात सांगितलं होतं. तू सुंदर अक्षरात उतरवूनही घेतलं होतंस." बाई ओढ्याकडे पाहत राहिल्या. "तुला आज मी विचारलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटलंच पाहिजे. पण तुझी लाज चार दिवसांनी ओसरेल. ते लेकरू तेवढे दिवस थांबणार नाही."

त्या दिवशी शिष्या केंद्रावर परतली नाही. बाईंनी बरोबर आणलेली पिशवी घेतली, कोट काढून तिच्यात कोंबला आणि ती बाजारातून परतणाऱ्या सुमरतीच्या मागोमाग पाड्याची वाट चालू लागली.  वाटेत सुमरतीच म्हणाली, "तुला फार लागलं का गं?"

"लागलं," शिष्या आपल्या बोलीत म्हणाली. "तुला परवा लागलं तसंच."

झोपडीत सुमरतीची सासू चुलीपाशी बसली होती; सुमरतीने कोरा चहा दिला. चहा संपेपर्यंत शिष्येने लेकराकडे हातही नेला नाही. नंतर तिने पिशवीतून, बाईंनी आधीच घालून ठेवलेला, जमिनीवर ठेवायचा सपाट काटा काढला. आधी ती स्वतः त्यावर उभी राहिली. "हे बघ, याला हूक नाही. लेकराला कडेवर घे आणि तू उभी राहा. नंतर ते सासूकडे दे आणि एकटी उभी राहा. बाकीचा हिशोब मी मनात करते. लेकराला मी शिवणारही नाही. नको वाटलं तर राहू दे."

सुमरती कितीतरी वेळ त्या काट्याकडे पाहत होती. मग लेकराला घट्ट धरून ती त्यावर चढली.

वजन कळल्यावर शिष्या तिच्याजवळ गेली आणि फक्त तिच्या कानात बोलली. सुमरतीने डोळे मिटले.

"लई कमी हाय ना?"

"कमी आहे. म्हणून आजच तालुक्याच्या दवाखान्याला निघायला हवं."

"आणि तिथं ते त्याला काट्याला टांगतील. मग?"

"मी तुझ्याबरोबर आहे. तुझ्या हातातून तुला न विचारता कोणी घेणार नाही."

संध्याकाळच्या जीपने दोघी तालुक्याला गेल्या.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच बाजारात मोठ्या बाईंना सुमरती भेटली. लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेत ती कुरकुरत होती, "बाई, तुमच्या पोरीनं काय करून ठेवलं बघा. कंबर मोडली माझी याला उचलून उचलून!" बाईंनी काहीच विचारलं नाही. त्यांना वजन कळलं होतं.

मलाही पुढे ताईसारखंच शिकायचं आहे. गोष्ट ऐकून मी सुन्न झाले होते. इतक्या प्रेमळ बाई असं करतील, हे मला खरंच वाटेना. तरी माझ्या मनात एक आगाऊ प्रश्न उरला होताच. मी म्हटलं, "ताई, त्या पारड्यात तुझं वजन किती भरलं गं?"  ती इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या गोष्टीवर हसली, जवळ आली आणि माझ्या कानात सांगितलं. ते वजन मला अजून पाठ आहे, आणि ते इथे लिहायला मी...

आले गं ताई, आले!