वाटीतली झोप

डोंगराच्या कुशीत, पिवळ्या-जांभळ्या रानफुलांच्या गावात सोनकी नावाची चिमुरडी राहायची. बापाचं छत्र नव्हतं आणि चूल कधी पेटायची, कधी नाही. तिची होती फक्त आई, आणि एक इवलीशी, सोन्यासारखी लखलखणारी काशाची वाटी. त्या वाटीनं सोनकी गावाचे तळपाय घासायची. तूप लावून वाटी गोल गोल फिरवली की थकलेला माणूस तान्ह्या बाळासारखा झोपी जायचा. तळव्यावर काळं काळं यायचं आणि गाव म्हणायचं, "बघा, अंगातला रोग निघाला!"

सोनकीलाही ते खरंच वाटायचं. म्हणून आईला ताप चढला, तेव्हा तिनं आईचे तळपाय घासले. काळं निघालं. सोनकी खुदकन हसली आणि आई बरी व्हायची वाट बघत बसली. आईचा जरा डोळा लागायचा, पण ताप काही उतरेना. शेवटी आई बरळू लागली, तशी सोनकी भिकाजी पाटलांकडे धावली.

"पाटीलबाबा, गाडी जुंपा ना! खिंडीपलीकडच्या वैद्यांना आणायचंय. आई कशीतरीच करतेय."

"काळं निघालं ना? मग झालं तर!" पाटलांनी ऐसपैस पाय पसरले. "आलीच आहेस तर जरा घास. मग बघू गाडीचं."

बिचारीनं घासले. पाटील घोरू लागले, ते हलवून हलवून उठेनात. शेजारीपाजारीही तेच म्हणाले, तुझी वाटी असताना वैद्य कशाला? गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरज असताना कुणी हलेना. असल्या गावाला काय म्हणावं!

सोनकी एकटीच रानात शिरली. झऱ्याकाठी, निळ्या कारवीच्या फुलांत कुणीतरी मुसमुसत होतं. एक नाजूकशी परी! चंदेरी पंख काट्यांनी फाटलेले आणि गुलाबी पावलांवर फोडच फोड.

"जन्मात कधी चालले नव्हते गं," परी म्हणाली. "आता पाऊल टाकवत नाही."

सोनकीला घाई होती, रडू येत होतं. तरी ती थांबली. तिनं परीची पावलं झऱ्यात धुतली आणि फोड सांभाळत हलकेच वाटी फिरवली. परीचं कण्हणं थांबलं.

"सगळ्यांचा रोग निघतो," सोनकीनं विचारलं, "मग माझ्या आईचाच का नाही?"

"कुणाचाच निघत नाही, बाळ. काशाला तूप-तेल घासलं की काळं होतंच. तुझी वाटी आराम देते, झोप देते. रोगाला औषध वैद्याचंच लागतं."

"म्हणजे मी उगीच वाट बघत बसले?" सोनकी हमसून हमसून रडली. परीनं तिला खोटा धीर दिला नाही.

"एक वर माग," ती म्हणाली. "पण मी पावलांची परी, पावलांपुरतंच देईन. आणि वर घेतलास की वाटीतली झोप कायमची जाईल. मग तुला कोणी बोलावणार नाही."

"माझ्या पायांना वाऱ्याचा वेग दे!"

सळसळ, भिरभिर, सोनकी निघाली! क्षणात खिंड मागे पडली. औषध घेऊन ती घरी पोचली, मागून वैद्यबुवा तट्टावरून आले. नाडी धरून म्हणाले, "जीव वाचला. पण फार उशीर केलास, पोरी. आईचे पाय गेले."

"मी गाडी देणारच होतो," पाटील आळस देत म्हणाले. पण वाटीनं झोप येईना, तसं गावानं सोनकीचं दार सोडलं. ती रानातून लाकडं आणून विकायची, आईला वेळेवर औषध पाजायची आणि रोज संध्याकाळी आईचे थंडगार पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची.

"कशाला श्रमतेस गं? मला काही कळत नाही," आई म्हणायची.

"मला कळतं ना," सोनकी म्हणायची.

अशाच एका संध्याकाळी उंबऱ्यावर सोनेरी-गुलाबी उजेड पडला. उजेडात परी उभी होती. तिनं सोनकीच्या चिमुकल्या हातांवर ओठ टेकले, झगमग झगमग झोत उठला आणि झोत विरला तेव्हा परी नव्हती.

सोनकी पुन्हा आईचे पाय चोळू लागली, तशी आई दचकली. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं, मग सोनकीकडे, आणि तिचे डोळे भरून आले.

"सोनके," ती म्हणाली, "तुझे हात किती खरखरीत झालेत गं!"