सुपारीची सावली

गायींच्या गळ्यात अजून दावं पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात डोहात थोडंच पाणी उरलं. जिची सावली मोठी तिनं आधी प्यावं, असं कळपात ठरलं. मोजायला बगळा होता.

डोंगरी गायीच्या घराण्यात आजीपासून अंगं थोराड आणि वासरं कमी. डोंगरीला तर अजून एकही नव्हतं. तिची सावली बारा पावलं भरली.

“ये आता सुपारे,” ती हसली. “बगळोबा, हिला जागेवरूनच मोजा हो!”

बुटकी सुपारी पुढे आली, तशी तिची तहानलेली वासरं तिला बिलगली. मागून तिच्या बुटक्या लेकी आल्या, लेकींची वासरं आली.

“अगं, सरका गं!” सुपारी ओरडली, पण सरकतंय कोण! सगळ्यांची मिळून एकच सावली पडली. बगळा चाळीस पावलं चालला आणि गरगरून मटकन चिखलात बसला.

“बाई गं, ही संपतच नाही!”

वासरं धडाधड पाण्यात शिरली. डोंगरी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “सुपारे, पाणी पिऊन झालं की एखादं वासरू माझ्याकडे पाठव ना. एवढी मोठी सावली नुसतीच पडून आहे.”