अडलेली पंगत

"कुणी माझं ऐकत नाही, बुवा. एक माणूस नाही."

रंगनाथबुवा मठाच्या पायरीवर उन्हाला बसले होते. थंडी कडाक्याची आणि अंगात नुसता सदरा. गुरूंच्या पुण्यतिथीपासून त्यांच्या अंगावर शाल दिसली नव्हती. दिली असेल कुणाला तरी, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यांनी मान हलवली. पुढं बोल, अशी.

मी बोललेच. मला बोलतं करावं लागत नाही, गप्प करावं लागतं.

म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवायचं काम माझ्याकडे. शिकलेय चौथी, पण त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. रेकॉर्डिंग चार कॉम्प्युटरांत उतरतं. दोन इथं, दोन तालुक्याच्या शाखेत. एक बिघडला तरी ओवी बाकीच्यांत राहावी म्हणून. चौघांनीही 'मिळालं' म्हटल्याशिवाय पुढची ओवी घेता येत नाही. चौघांना मठाच्या चार गुरूंची नावं दिलीत.

पूर्वी चहा होईतो एक ओवी उतरायची. आता सकाळी लावली तर जेवणं होतात तरी उतरत नाही. म्हाताऱ्या येतात, बसून बसून परत जातात. आणि विश्वस्त म्हणतात, शेवंताबाई भलतीच बटणं दाबते. सोमवारी किल्ली काढून घेणार.

"तुला काय वाटतं?" बुवांनी विचारलं.

"धोंडीमहाराज म्हातारे झालेत. सारखे घुरघुरतात. भंगारात द्या म्हटलं, तर सगळे अंगावर आले."

धोंडीमहाराज म्हणजे बुवांचे गुरू. बुवा मात्र हसले.

"आणि तुझं काय म्हणणं, तन्मय?"

तन्मय कुलथे मागंच उभा होता. शहरातला इंजिनिअर, बुवांचा अनुग्रह घेतलेला, हे सगळं त्यानंच बसवलेलं. तो म्हणाला, चारही कॉम्प्युटर ठणठणीत आहेत, चौघांचे दिवे हिरवे आहेत. इंटरनेटची लाइन कमी पडतेय, मोठी घेऊ. मावशींना यातलं कळत नाही, हेही म्हणाला.

मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

"जेवायला चला," बुवा म्हणाले.

आमच्या पंगतीची रीत अशी, की शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. सगळ्यांचं उरकलं. बुवा भाकरीचा एक तुकडा चघळत होते... चघळतच होते. आमचे हात वाळले. पुढच्या पंगतीची माणसं दारात ताटकळली.

वाढप्यानं येऊन विचारलं, बुवा, ठीक ना?

"ठीक."

जरा वेळानं तन्मयनं विचारलं.

"ठीक."

मला राहवेना. "बुवा, सगळी पंगत अडलीय तुमच्यापायी."

"मला विचारलं तर मी ठीकच म्हणणार."

तन्मयनं त्यांच्याकडे बघितलं... बघतच राहिला. मग रीत मोडून उठला आणि उष्ट्या हातानं खोलीकडे पळाला.

परत आला तो मान खाली घालून. आजवर त्यानं चौघांना एवढंच विचारलं होतं, ठीक आहात ना? आज पहिल्यांदा एकेकाला वेगळं घेऊन, तू किती वेळ लावतोस, ते पाहिलं. तिघं झटपट. चौथा रांगत होता आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबून होते.

"चौथा कोण?" मी विचारलं.

"धोंडीमहाराज."

"मग मी दुसरं काय सांगत होते? द्या भंगारात."

"आधी बघू तर," बुवा म्हणाले.

धोंडीमहाराजांचा कॉम्प्युटर भिंतीतल्या देवळीत. अंगावर शाल पांघरलेली, वर हार. सोवळ्याशिवाय शिवायचं नाही, म्हणून मी कधी हात लावला नव्हता. तन्मयनंही नाही.

बुवांनी हार उतरवला. शाल ओढली.

आतून तव्यासारखी धग आली.

कॉम्प्युटर म्हातारा नव्हता. गुदमरला होता.

तन्मयनं जाळीतली धूळ काढली. हळूहळू घुरघुर थांबली. मी भागूआजीची ओवी लावली आणि चहाचं आधण ठेवलं. उकळी यायच्या आत ओवी चारही ठिकाणी उतरली. आजी दारातच बसली होती. म्हणाली, दुसरी म्हणू का?

जिवाला बरं वाटलं. पण म्हणून मी सोडणारी नाही.

"बुवा, सोमवारी विश्वस्तांना सांगायचंय. इतके दिवस सगळ्यांनी माझं नाव घेतलं. आता मला खरं नाव पाहिजे. ही शाल घातली कुणी?"

तन्मय जमिनीकडे बघायला लागला.

बुवांनी शाल झटकली. अंगभर लपेटून घेतली. ती अजून गरम होती.

"नाव, बुवा."

"रंगनाथ."