बांधावरची एकच पहार

जुन्या काळची गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आज कोणी उरलेलं नाही. सांगतो आहे लहानांना, पण मोठ्यांनी उठून जाऊ नये. चूक मोठ्यांचीच होती.

त्या राज्यात डोंगराच्या कुशीत एक तलाव होता. तलावाला लांबलचक दगडी बांध, कोपरासारखा वाकलेला. बांधाच्या दोन टोकांना पाणी सोडायच्या दोन मोऱ्या, एक उगवतीची आणि एक मावळतीची. प्रत्येक मोरीवर एकेक पाटकरी नेमलेला होता. मोरीच्या तोंडाशी सागाची जाड फळी असे. पाटकरी ती पहारीनं उचटून वर घेई, आणि पाणी पाटानं शेतांकडे धावू लागे.

दोन्ही पाट खाली जाऊन एकाच ओढ्याला मिळत, आणि ओढ्याच्या काठी कुंभारांची वस्ती होती. ओढ्यात एका मोरीचं पाणी मावे, दोन्ही मोऱ्यांचं मावत नसे. म्हणून बांधाच्या मध्यावर एक निशाणकाठी रोवली होती. निशाण वर असलं तर दुसरी मोरी उघडी आहे, थांबावं. खाली असलं तर खुशाल जावं, आपली फळी उचटावी आणि परत येऊन निशाण चढवावं. पाणी पुरलं की फळी बसवून निशाण उतरवावं.

आधी फळी, मग निशाण, असा तिथला दंडक होता. काम होण्याआधीच झालं म्हणणाऱ्याला त्या राज्यात लबाड समजत. दंडक चांगलाच होता. चांगल्या दंडकातूनही माणसं कशी बुडतात ते ऐका.

एका भरदुपारी दोन्ही मोऱ्या उघडल्या गेल्या. ओढा काठ फोडून वस्तीत शिरला. वाळत ठेवलेली मडकी वाहून गेली, भट्ट्या विझल्या. एक म्हातारा कुंभार चाकावर बसला होता. तो उठेपर्यंत पाणी त्याच्या छातीला लागलं. संध्याकाळी तो सापडला, बाभळीला अडकलेला.

राजानं दोन्ही पाटकऱ्यांना धरून आणलं. उगवतीचा म्हणाला, निशाण खाली होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मावळतीचाही तेच म्हणाला, आणि त्यानं लेकरांची शपथ घेतली. निशाण दोघांनाही खालीच कसं दिसेल? दोघांतला एक खोटं बोलतोय, यावर सगळ्या दरबाराचं एकमत झालं. दरबाराचं अशा बाबतीत लवकर एकमत होतं.

त्या राज्याचा कायदा असा होता, की ज्याचं माणूस गेलं त्यानं अपराधी दाखवावा आणि शिक्षाही सांगावी. म्हाताऱ्याच्या बायकोला पुढे बोलावलं. राजा म्हणाला, "बाई, दोघांपैकी एकाकडे बोट दाखव. तू म्हणशील तर त्याचं डोकं उद्या धडावर राहणार नाही."

कुंभारणीनं दोघांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला दोघांकडेही बोट दाखवायचं होतं. तिचा हात वर गेला. मावळतीच्या पाटकऱ्यानं डोळे मिटून घेतले. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग खाली आला.

"मडकं तडकलं की आम्ही आधी माती बघतो, मग चाक बघतो, मग भट्टी," ती म्हणाली. "कुंभाराला मारून पुढचं मडकं धड निघत नाही. मला बांध बघू द्या."

राजानं तिला आठ दिवस दिले. तोवर दोघं कोठडीत राहतील आणि आठव्या दिवशी तिनं बोट दाखवलंच पाहिजे, नाहीतर दोघांचीही डोकी जातील, असं त्यानं बजावलं.

इकडे राजाच्या दिवाणजींनी आपली अक्कल चालवली. निशाणकाठीभोवती चार भिंती उभ्या केल्या, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली दाराशेजारच्या खुंटीला टांगली. एका वेळी एकानंच आत जाऊन निशाण पाहायचं, बाहेर येऊन कुलूप लावायचं, किल्ली टांगायची. दोघांनी एकदम पाहिलंच नाही तर घोटाळा होईल कसा? दरबारानं माना डोलावल्या.

कुंभारीण आठ दिवस बांधावरून येरझाऱ्या घालत होती. पावलं मोजत होती. आठव्या दिवशी तिनं राजालाच बांधावर बोलावलं. म्हणाली, दोघांनाही त्यांचं रोजचं काम करू द्या, दिवाणजींच्या कुलपासकट. फक्त फळीला पहार लावायची, फळी उचटायची नाही, आणि निशाण चढवायला परत यायचं. दोन्ही मोऱ्यांवर एकेक शिपाई नगारा घेऊन उभा राहील. पहार फळीला लागली की नगारा वाजवायचा.

राजा निशाणाच्या खोलीपाशी उभा राहिला. उगवतीचा पाटकरी आला. त्यानं कुलूप उघडलं, निशाण खाली पाहिलं, बाहेर येऊन कुलूप लावलं, किल्ली टांगली आणि तो मोरीकडे निघाला. बांधाच्या वळणाआड तो दिसेनासा झाला, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं मावळतीचा आला. त्यानं किल्ली घेतली, आत पाहिलं. निशाण अजून खालीच होतं. तोही कुलूप लावून आपल्या मोरीकडे चालू लागला.

राजाच्या तोंडून "थांब" निघणार होतं. कुंभारणीनं मान हलवली.

उगवतीकडे नगारा वाजला. राजानं वळणाकडे डोळे लावले. निशाण चढवायला माणूस परत यायला हवा होता, आणि तो अजून वाटेतच होता. मग मावळतीकडेही नगारा वाजला.

खाली ओढ्याकाठी वस्तीतली पोरं खेळत होती, ती वरून स्पष्ट दिसत होती. फळ्या खरंच उचटल्या असत्या तर त्या पोरांतलं एकही वाचलं नसतं.

"दोघंही खरंच बोलत होते, महाराज," कुंभारीण म्हणाली. "निशाण बघायचं इथं, फळी उचटायची तिथं. मधे तीनशे पावलं. दिवाणजींनी बघण्याला कुलूप घातलं, पण ती तीनशे पावलं मोकळीच ठेवली. माझा म्हातारा त्या तीनशे पावलांत गेला."

राजानं विचारलं, मग शिक्षा कुणाला द्यायची?

तिनं परत आलेल्या मावळतीच्या पाटकऱ्याची पहार मागून घेतली आणि दोन्ही हातांनी तलावात फेकून दिली. मग ती म्हणाली, "आता बांधावर पहार एकच. ती या खुंटीला राहील. ज्याच्या हातात पहार, त्यानंच निशाण बघायचं, त्यानंच फळीला हात लावायचा, त्यानंच परत येऊन निशाण बदलायचं. मगच पहार खुंटीला. खुंटी रिकामी दिसली तर निशाण कसंही असो, मुकाट्यानं बसायचं."

दिवाणजी कुरकुरले, की वाट पाहण्यात शेतं वाळतील. त्यावर ती म्हणाली, मग पहार घेतलेल्यानं वाटेत तंबाखू मळत बसू नये.

राजानं खोली पाडली, खुंटी निशाणकाठीलाच ठोकली आणि दोघांना सोडलं.

त्याच उन्हाळ्यात मावळतीचा पाटकरी मध्यावर आला तेव्हा निशाण खाली होतं आणि खुंटी रिकामी होती. मागे शेतकरी खोळंबले होते, पिकं माना टाकत होती. एकानं स्वतःची पहार पुढे केली आणि म्हणाला, "निशाण खाली आहे ना? मग कुणाची वाट बघतोस?" पाटकऱ्यानं पहार हातात घेतली. निशाण खरंच खाली होतं. त्या दिवशीही ते असंच खाली होतं. त्यानं ती पहार मांडीखाली घेतली आणि तिच्यावर बसून राहिला. लोकांनी त्याला शिव्या दिल्या, भित्रा म्हटलं.

थोड्या वेळानं उगवतीचा पाटकरी वळणावरून आला, चिखलानं माखलेला, खांद्यावर पहार. त्यानं निशाण चढवलं. त्याची फळी केव्हाच वर गेली होती.

शेतकऱ्यांनी खाली पाहिलं. ओढा काठोकाठ भरून वस्तीला घासून चालला होता, आणि काठावर कुंभारीण चाक फिरवत होती. मग मावळतीच्या पाटकऱ्याला रडू कोसळलं, आणि त्याला भित्रा म्हणणारा शेतकरी त्याच्या शेजारी येऊन बसला.

तात्पर्य : नुसतं पाहण्याला कुलूप घालून भागत नाही, पाहिल्यापासून काम पुरं होईपर्यंत ते एकाच्याच हाती असावं, आणि बाकीच्यांनी तेवढं थांबावं.