दारावरची जोडी

“वायरचा घेऊ की वायरलेस, एवढंच सांगा बाबा. बाकीचं माझं मी बघतो.”

मुकुंदबाबा मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

रंगनाथराव चौसाळकरांनी पिशवीतून दोन खोकी काढून पुढ्यात ठेवली. वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. कुणाचं ऐकून घ्यायची सवय त्यांना कधीच नव्हती, आणि बायको गेल्यापासून ऐकवणारंही कुणी उरलं नव्हतं. अडलं की मठात यायचं, एवढी एक जुनी खोड मात्र होती.

या वेळी अडलं होतं दारापाशी. घराच्या दाराला सेन्सर बसवायचा होता. दार उघडलं की तो वाजणार आणि खिशातला मोबाईलही वाजणार, मग माणूस बाजारात असो नाहीतर परगावी. दुकानदाराने दोन्ही तऱ्हा बघायला दिल्या होत्या. ज्याने जन्मभर सबंध तालुक्याची वीज चालू-बंद केली, त्याला आठवडाभर हे एवढं ठरवता येत नव्हतं.

“वायरचा भरवशाचा,” ते म्हणाले. “पण भिंत फोडावी लागते, आणि उंदराने वायर कुरतडली की संपलं. वायरलेस नुसता चिकटवायचा. पण त्याला सेल लागतो. नेमका त्याच दिवशी सेल संपला, तर सगळंच मुसळ केरात.”

“कुठल्या दिवशी?”

“म्हणजे... चोर येईल त्या दिवशी.”

“तुझ्या घरात चोराने न्यावं असं काय आहे रे?”

रंगनाथराव हसले. “काही नाही. जुना टीव्ही आहे. तो उचलायलाच चार चोर लागतील.”

“मग?”

चिंचोके टोपलीत पडत राहिले.

“शलाकाकडे घराची किल्ली आहे,” रंगनाथराव शेवटी म्हणाले.

शलाका ही त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा या बापाने तिला बजावलं होतं, पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस. तिने ठेवलं नाही. हट्टाच्या बाबतीत पोर बापाच्या वळणावर गेली होती. जाताना किल्ली तेवढी तिने परत केली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही. त्या एका किल्लीवर हा माणूस दिवस काढत होता.

“मी घरी नसताना येईल,” ते म्हणाले. “कुलूप काढून आत येईल, आईच्या फोटोपाशी जरा उभी राहील, आणि जाईल निघून. मला कळणारसुद्धा नाही, बाबा. भाजी आणायला गेलो तरी जीव थाऱ्यावर नसतो. परत आलो की आधी पायपुसणं बघतो, हललंय का.”

“लांब असते का?”

“पुण्यात.”

“फोन नाही तिच्याकडे?”

“आहे की.” आणि कुणी न विचारता त्यांनी सगळा नंबर धडाधड म्हणून दाखवला.

“लावतोस?”

“तिने लावला तर उचलीन ना. मी बाप आहे, बाबा.”

बाबांनी चिंचेचे हात पंच्याला पुसले आणि वायरलेसचं खोकं उघडलं. आत दोन पांढऱ्या डब्या निघाल्या. एक मोठी, एक बोटाएवढी.

“दोन कशाला रे?”

“जोडी असते. मोठी चौकटीला, धाकटी दाराला. जवळ असल्या की गप्प. दार उघडून धाकटी लांब गेली, की आवाज.”

“करतं कोण आवाज?”

“मोठी. धाकटीत नुसता लोहचुंबक. ती काय बोलणार?”

“किती लांब गेल्यावर?”

“बोटभर.” शिकवायला मिळालं म्हणून रंगनाथरावांना जरा हुरूप आला. त्यांनी सेल घातला, डब्या एकमेकींना लावल्या आणि बाबांच्या हाती दिल्या.

बाबांनी धाकटी अलगद बाजूला घेतली.

मोठी अशी केकाटायला लागली, की शिखरावरची कबुतरं उडाली. स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं काम टाकून ओट्यावर आल्या. दर्शनाला आलेली माणसं माना वळवून बघू लागली.

“जोडा, बाबा, जोडा,” रंगनाथराव खजील होऊन म्हणाले. “लोक बघताहेत.”

बाबांनी धाकटी पंच्याआड धरली.

रंगनाथरावांनी मोठीवर दोन्ही तळवे दाबले. आवाज तळव्यांतूनही येतच राहिला...

“ओरडू दे, रंगनाथ,” बाबा म्हणाले. “धाकटी लांब गेलीय तिची. तिला कसली आलीय लाज?”