रुळाकडेचं गवत

रेल्वे जंगलात नवी आली, तेव्हाची गोष्ट. दिवस भरलेली एक हरणी पिलासाठी जागा शोधत होती. भित्री इतकी, की माझीच बहीण शोभावी. बांबूच्या बेटात सगळ्याच हरणी व्यायच्या आणि बिबट्यालाही ते पाठ झालं होतं.

म्हातारी सांबरीण म्हणाली, "रुळाच्या कुंपणाअलीकडे उंच गवत आहे, तिथं बस."

"आत्या, तिथं गाडी धडधडते. जीव जाईल माझा."

"मीही पहिल्यांदा पळाले, ती थेट चिखलात बसले. पण तिथं बिबट्या कधी पाहिलास?"

"नाही."

"तोही तुझ्याएवढाच भितो गं."

हरणी तिथंच व्याली. त्या संध्याकाळी बिबट्या बांबूचं बेट हुंगत फिरला. इकडे गाडी धडधडत गेली आणि हरणी थरथरली. पिलानं नुसता एक कान हलवला आणि ते दूध पीत राहिलं.